मोटारीच्या इंजिनाचा जीर्णोद्धार

महाराष्ट्रातील मोटारीच्या धंद्याचा इतिहास लिहावयास बसलेला लेखक सामान्यतः कारखान्यांपासून आरंभ करतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे कुर्ल्यास गाड्या बांधू लागलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, माझगावास विलीज जीप जुळविणारे महिंद्र बंधू, त्यांचे परदेशी कंपन्यांशी झालेले करारमदार आणि दिल्लीच्या दफ्तरांतून मिळविलेले परवाने, यांचा तपशील एकदा दिला की विषय संपला असे त्यास वाटते. परंतु कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेली गाडी पुढे वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे रस्त्यावर टिकली, एकाच इंजिनावर दोन पिढ्यांनी प्रवास केला आणि ज्या गाडीची किंमत कागदोपत्री घसाऱ्यात निघून गेली होती तीच घरातल्या मुलीच्या वरातीस उभी राहिली, याचे रहस्य त्या तपशिलात सापडत नाही. ते गल्लीबोळांतील गॅरेजांत, लेथच्या दुकानांत आणि त्याहूनही अधिक मध्यमवर्गीय घरांच्या अंगणांत शोधावे लागते. कारण थकलेले इंजिन उतरवून, खोलून, घासूनपुसून पुन्हा बांधणे हा या प्रांतात सुमारे अर्धशतक चाललेला एक गृहोद्योगच होता, आणि त्याचे हिशेब कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेले नाहीत.

मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास, आणि तिच्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. आरंभीची कित्येक वर्षे मोटार ही संस्थानिक, गिरणीमालक आणि बडे वकील-डॉक्टर यांचीच मिरासदारी असल्यामुळे तिची दुरुस्ती हाही मालकाच्या इभ्रतीस शोभेसा खर्चिक मामला होता. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीस गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला, शेव्हरोले गाड्या त्यामानाने स्वस्त झाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ दुरुस्तीची विद्याही बंगल्यांच्या आवारातून बाजारात उतरली. त्या काळच्या अनेक इंजिनांत क्रँकखाली आजच्यासारखे तयार बेअरिंगचे कवच नसे. कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रणाचा पांढरा धातू वितळवून तो जागच्या जागी ओतावा लागे, आणि थंड झाल्यावर क्रँकच्या मापाचा होईपर्यंत हाताने खरवडावा लागे. मेस्त्री क्रँकला निळ्या रंगाचा पुसट लेप लावी, तो जागेवर ठेवून एकदा फिरवी, मग वर काढून धातूवर निळे डाग कोठे उमटले ते पाही, आणि जेथे डाग तेथे उंचवटा असे जाणून तेवढाच कण खरवडून काढी. पुन्हा लेप, पुन्हा फेरा, पुन्हा खरवडणे, असे करता करता डाग सर्वत्र सारखे उमटू लागले म्हणजे काम उतरले असे मानीत. या कामास यंत्र लागत नसे. लागे तो वेळ आणि हाताचा अंदाज. पुढे अर्धशतकभर जो धंदा फोफावला त्याचे मूळ भांडवल हेच.

दुसऱ्या महायुद्धाने या विद्येस अनपेक्षित उत्तेजन दिले. पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, नव्या गाड्या येईनाशा झाल्या, आणि मोटारमालक कोळशाच्या गॅसची धुरकट भट्टी गाडीच्या पाठीशी बांधून कसाबसा प्रवास करू लागले. या गॅसात राख व काजळी राहून गेली की सिलिंडरच्या भिंती अकाली झिजत. म्हणजे इंधनाच्या टंचाईनेच इंजिने उघडण्याचे काम वाढविले. युद्ध संपताच लष्कराने आपल्या जीपगाड्या, ट्रक आणि सुट्या भागांचे ढीग लिलावात काढले. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या पिढीच्या तोंडी कायमचा बसला, आणि मुंबईतील कुर्ला व चोर बाजार, पुण्यातील जुना बाजार येथील भंगारवाल्यांच्या पेढ्यांना त्यातून मोठी बरकत आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, पुढे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इंजिने खोलून बांधण्याचे काम शिस्तीने होऊ लागले, आणि तेथे अथवा परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपांत हात बसलेला फिटर संध्याकाळी आपल्या गल्लीत ‘मेस्त्री’ म्हणून मान मिळवू लागला.

तथापि या उद्योगास खरे घरगुती स्वरूप आले ते परवान्यांच्या राज्यात. १९४९ मध्ये तयार परदेशी गाड्यांची आयात बंद झाली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, ज्यांना येथे संपूर्ण उत्पादन करावयाचे नव्हते अशा जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. मागे उरल्या त्या कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. १९५९ च्या मोटार नियंत्रण हुकुमाने वाटप व विक्री सरकारी देखरेखीखाली आली. फियाटसाठी नाव नोंदवून, अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा मध्यमवर्गाच्या जीवनक्रमाचा एक अध्यायच झाला. अशा स्थितीत जुनी गाडी मोडीत घालणे म्हणजे हातचा ऐवज पाण्यात टाकणे होते. नवी मिळत नाही, जुनीची किंमत उतरत नाही, आणि परदेशी सुटा भाग आणावयाचा तर आयातपरवान्याची फर्द हवी, या तिहेरी पेचातून एकच वाट मोकळी होती, ती म्हणजे आहे त्याच इंजिनाचा जीर्णोद्धार.

गोव्याची कथा याच प्रकरणाची एक शाखा समजावी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज अमलात परदेशी गाड्या सुखेनैव येत. मुक्तीनंतर गोमंतकही भारताच्या आयातनियमांखाली आला. गाड्या उरल्या आणि त्यांच्या सुट्या भागांचा ओघ आटला, तेव्हा जो भाग मिळत नसे तो लेथवर कातून घेण्याखेरीज तेथील मेस्तांनाही गत्यंतर राहिले नाही.

कुर्ल्याची फियाट, जी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली, तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ७५ मिलिमीटर. पिस्टन वर्षानुवर्षे वरखाली होऊन सिलिंडरची भिंत झिजते, आणि तीही सर्वत्र सारखी न झिजता वरच्या बाजूस अधिक झिजते. मग वर्तुळ लंबगोल होते, रिंगांची पकड सुटते, इंजिन ‘ऑईल खाऊ’ लागते, मागून निळसर धूर येतो, आणि बोर घाट चढताना दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर उतरावे लागते. या झिजेवर उपाय मूळ रचनाकारांनीच योजून ठेवलेला होता. सिलिंडरच्या भिंतीत त्यांनी गरजेपेक्षा अधिक धातू ठेवला होता, म्हणजे झिजलेले भोक यंत्रावर थोडे मोठे करून पुन्हा निर्दोष गोल करावे आणि त्यात तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा. या क्रियेस बाजारात ‘बोअर मारणे’ म्हणत. अँबेसेडरसारख्या इंची मापाच्या इंजिनांत ही वाढ इंचाच्या हजारांश भागांनी मोजली जाई. दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्यांनी इंजिनाचे वय सांगण्याची गॅरेजात रीतच पडली होती. चाळिशी उलटली की भिंत पातळ होई. मग आत नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यावे लागे. जुनी गाडी घेणारा जाणता गिऱ्हाईक रंग-रूपाकडे न पाहता आधी ‘बोअर कितीवर आहे?’ हेच विचारी. कारण धातूची शिल्लक किती उरली यावर त्या गाडीचे आयुष्य अवलंबून असे.

धातूच्या या शिल्लकीस घराच्या शिल्लकीची जोड द्यावी लागे. कारकुनाच्या, शिक्षकाच्या किंवा लहान दुकानदाराच्या प्राप्तीत संपूर्ण इंजिनाचे काम एकरकमी करविणे सहसा परवडत नसे. त्यामुळे काम हप्त्याहप्त्याने होई. आधी मेस्त्रीकडून इंजिन तपासून घ्यावयाचे. मग पगार होताच पिस्टन-रिंगचा संच आणून कपाटात ठेवावयाचा. पुढच्या महिन्यात बेअरिंगे. त्यानंतर पॅकिंगचा संच, व्हॉल्व्ह, टायमिंगची साखळी. पतपेढीचे कर्ज, प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेली उचल, बायकांच्या भिशीचा लागलेला नंबर आणि कधी मोडावयास काढलेले एखादे वळे, अशा नाना ओढ्यांचे पाणी या एका खर्चात येऊन मिळे. पिस्टन आधी घरात येण्यामागे काटकसरीखेरीज शहाणपणही होते: चोख लेथवाला हातात प्रत्यक्ष पिस्टन आल्यावाचून बोअर मारीतच नसे, कारण डब्यावर छापलेल्या मापापेक्षा मायक्रोमीटरने स्वतः घेतलेल्या मापावर त्याचा भरवसा अधिक. मद्रासच्या इंडिया पिस्टन्सचे पिस्टन, पतियाळ्याच्या गोएत्झेच्या रिंगा आणि बंगळूरच्या मायकोचे स्पार्क प्लग ही नावे त्यामुळे मोटारवाल्या घरांतील बायकामुलांनाही तोंडपाठ असत. हे सर्व आणावयाचे तर मुंबईकराने ऑपेरा हाऊस-लॅमिंग्टन रोडच्या बाजूस आणि पुणेकराने नाना पेठेत खेपा घालाव्यात, असा रिवाजच होता.

प्रत्यक्ष कामाचा दिवस बहुधा रविवार अथवा दिवाळीची सुटी. तिकाटणे उभारून, नाहीतर आंब्याच्या जाड फांदीस चेन-पुली अडकवून इंजिन वर उचलले जाई. त्या वेळी दोर धरण्यास चुलतभाऊ, मेहुणे, शेजारी सगळेच हजर. आणि ज्याने आयुष्यात पाना धरला नाही असा एखादा काका ‘हळू, हळू’ म्हणण्याचे काम तेवढ्याच निष्ठेने करी. इंजिन खाली आले की त्याचे भाग सुटे होत, आणि येथून पुढचे काम घराचे. रॉकेलने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात नट-बोल्ट धुणे मुलांकडे. कोणता बोल्ट कोठला हे विसरू नये म्हणून जुन्या पोस्टकार्डावर भोके पाडून त्यांत ते क्रमाने खोचून ठेवणे घरातल्या शाळकरी मुलीकडे. झाकणाचे पॅकिंग कात्रीने कापणे ज्या हातांना शिवणकामाची सवय त्यांच्याकडे. व्हॉल्व्ह घासण्याचे काम सर्वांत चिकाटीचे. काठीच्या टोकाच्या रबरी वाटीने व्हॉल्व्ह पकडावयाचा, त्याच्या कडेस घासण्याचे मलम लावावयाचे आणि ताकात रवी फिरवावी तशी ती काठी दोन तळव्यांत मागेपुढे फिरवावयाची. मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा बसवावयाचा. व्हॉल्व्हच्या आणि त्याच्या बैठकीच्या कडेवर सलग, राखाडी, निस्तेज असे कडे उमटले की काम झाले. त्याची परीक्षा अशी की प्लग जागेवर लावून, हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्हच्या खळग्यांत रॉकेल ओतावे आणि घटकाभर थांबावे. पलीकडच्या वाटेत ओल दिसली तर घासणे पुन्हा आरंभापासून. आठ व्हॉल्व्ह घासून ज्याचे तळवे हुळहुळले त्या मुलास पुढे कोणत्याही शाळेत सहनशीलतेचा धडा निराळा द्यावा लागला नसेल.

घराला जे करता येत नसे ते लेथच्या दुकानात जाई. ब्लॉक गोणपाटात गुंडाळून हातगाडीवर किंवा एस.टी.च्या टपावर घालून नेला जाई. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर ज्या यंत्रावर उसाच्या मळ्यातील पंपाचे ऑईल इंजिन बोअर होई त्याच यंत्रावर डॉक्टरसाहेबांची फियाटही येऊन बसे. क्रँक घासून घेणे, हेडचा तळ सपाट करून घेणे आणि बोअर मारणे ही तीन कामे तेथे पैसे मोजून करावी लागत. आणि तेथेही नाते उपयोगी पडे. कोणाचा मामा गिरणीच्या मेकॅनिक खात्यात, कोणाचा आतेभाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तो रजा काढून येई, बोअरमध्ये डायल फिरवून माप पाही आणि लेथवाल्याशी त्याच्या भाषेत बोले. रोख मजुरी त्याला कोणी देत नसे. त्याची फेड त्याच्या मुलाच्या मुंजीस ही गाडी दोन दिवस बिनभाड्याने देऊन होई. हा विनिमय कोणत्याही वहीत नोंदला गेला नाही, तरी त्याच्या हिशेबात चूक झालेली कोणी सहसा ऐकली नाही.

इंजिनाची ताकद वाढविण्याची हौसही याच प्रसंगी भागविली जाई. फुकट मिळणारी पहिली वाढ बोअरमधूनच येई. अँबेसेडरच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनास चाळीस हजारांशाचा बोअर मारला म्हणजे ते सुमारे १,५३१ घनसेंटिमीटरचे होई, आणि म्हाताऱ्या गाडीच्या अंगी तारुण्यातल्यापेक्षा किंचित अधिक बळ आल्याचे समाधान मालकास लाभे. हेडचा तळ जरा जास्त घासून दाब वाढविणे ही दुसरी युक्ती. परंतु त्या काळच्या हलक्या पेट्रोलवर अधिक दाबाचे इंजिन चढावर ठोके मारू लागे, म्हणून शहाणा मेस्त्री या बाबतीत हात आखडता घेई. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि तेथे धावणाऱ्या सुधारलेल्या फियाटांच्या वार्ता इकडच्या गॅरेजांत चवीने चघळल्या जात. पण सामान्य कुटुंबाची महत्त्वाकांक्षा वेगाची नव्हती. लिटरमागे दोन किलोमीटर अधिक आणि पावसाळ्यात पहिल्याच सेल्फला सुरू होणारी गाडी, एवढ्यावर ती तृप्त असे.

१९७३ च्या तेलसंकटाने या हौसेस निराळे वळण दिले. पेट्रोल भडकले, डिझेल त्यामानाने स्वस्त राहिले, आणि पेट्रोलचे इंजिन काढून त्या जागी डिझेलचे बसविण्याची लाट आली. अँबेसेडरमध्ये आणि जीपमध्ये पर्किन्सचे अथवा मेटाडोरचे इंजिन घालण्यासाठी खालचे आधार नव्याने वेल्ड करावे लागत, रेडिएटर बदलावा लागे, आणि इंजिन बसल्यावर सबंध गाडी अशी थरथरे की आरशातला मागचा रस्ता दिसेनासा होई. खेरीज १९३९ च्या मोटार कायद्यान्वये असा मूलभूत फेरफार नोंदणी अधिकाऱ्याच्या दफ्तरी कळविणे भाग असे. नव्या इंजिनाचा क्रमांक, खरेदीची पावती, इन्स्पेक्टरची तपासणी आणि आर.सी. बुकावरील नोंद या सोपस्कारांत जुळवणीइतकाच वेळ खर्ची पडे. हिंदुस्थान मोटर्सने स्वतः डिझेलची अँबेसेडर बाजारात आणली ती १९८० च्या सुमारास. म्हणजे गॅरेजवाल्यांनी आणि गाडीमालकांनी जी गरज ओळखून आपापल्या परीने भागविली होती तिच्यावर कारखान्याने मागाहून शिक्कामोर्तब केले.

या सगळ्याचे नुसते गोडवे गाणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. ज्या पोराच्या हातून गॅरेजात नट धुतले जात त्याचे शाळेचे वय असे, आणि त्यास उस्तादाकडून पगाराऐवजी पुष्कळदा जेवण आणि टपला मिळत. नामांकित कंपनीच्या डब्यात नकली रिंगा भरून विकणारे व्यापारी होते, आणि अशा रिंगांनी सहा महिन्यांत भिंती खरवडून निघाल्यावर दाद मागावयास जागा नव्हती. काढलेले काळे ऑईल सर्रास गटारात जाई. इंजिनासाठी मोडलेले वळे बहुधा गृहिणीचे असे, आणि गाडीच्या कागदावर तिचे नाव क्वचितच असे. काटकसरीचा भार घरात सर्वांवर सारखा पडत नव्हता, हे या इतिहासाच्या खर्चाच्या बाजूस लिहिलेच पाहिजे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, आणि या रिवाजाच्या ओहोटीस सुरुवात झाली. ७९६ घनसेंटिमीटरचे ते तीन सिलिंडरांचे इंजिन इतके दिवस बिनतक्रार चाले की ते खोलण्याचा प्रसंग येईपर्यंत मालकाने गाडीच बदललेली असे. नव्वदीनंतर बँकांची कर्जे सुलभ झाली. नव्या गाडीचा मासिक हप्ता आणि जुन्या इंजिनाचा खर्च यांची तुलना होऊ लागताच पारडे हप्त्याकडे झुकले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीची इंजिने पुनःपुन्हा बांधून, पुढे त्यांना सी.एन.जी.ची टाकी जोडून हा धंदा आणखी दोन दशके जगविला. परंतु टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा त्यांनाही चुकली नाही, आणि २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली.

टंचाई गेली म्हणून ही विद्या गेली, असे सामान्यतः म्हटले जाते; ते अर्धसत्य आहे. टंचाईने लोकांना इंजिन उघडावयास भाग पाडले हे खरे, पण उघडल्यावर ते पुन्हा बांधता आले याचे कारण त्याच्या रचनेत होते. बिडाच्या जाड भिंतीत चार वेळा बोअर मारण्याइतका धातू ज्याने ठेवला, त्या दूरच्या रचनाकाराने गाडीच्या भावी मालकावर एक विश्वास टाकला होता: हे यंत्र झिजेल तेव्हा ते उघडणारा कोणीतरी असेल, त्याच्यापाशी सवड असेल आणि मदतीचे चार हात असतील. इकडच्या कुटुंबांनी तो विश्वास आपल्या परीने सार्थ केला. आजच्या कित्येक ॲल्युमिनियमच्या इंजिनांत सिलिंडरची लोखंडी अस्तरे इतकी पातळ, किंवा त्यांवरचे लेप इतके सूक्ष्म असतात, की बोअर मारण्यास जागाच उरत नाही. आणि रविवारी दोर ओढावयास जमणारे मामे-आतेभाऊही आता एका गावात राहत नाहीत. धातूची शिल्लक आणि घराची शिल्लक एकाच सुमारास संपावी हा योगायोग असेलही, तथापि पहिलीचा निर्णय आरेखनाच्या मेजावर होतो, म्हणून तो बदलता येण्याजोगा आहे. वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क असावा की नसावा याची चर्चा हल्ली जगभर कायदेमंडळांत चालते. ती करणाऱ्यांनी कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या लेथच्या दुकानात तासभर उभे राहावे. अमुक हक्क कागदावर दिला की पुरे होत नाही, त्यासाठी भिंतीत धातू ठेवावा लागतो, हे तेथला कारागीर त्यांस मापासह समजावून देईल.